रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही? नवीन स्विच घ्यायच्या आधी हे वाचा

रात्री दहाला लागलेला बॅकअप सकाळी साडेनऊला पण चालूच, लोक येऊन बसलेत, शेअर फोल्डर उघडायला मिनिट मिनिट लागतंय, अकाउंट्सवाले वैतागलेत आणि सगळ्यांचे फोन आयटीवाल्याला. हे ज्याच्यावर आलंय तो पहिलं काय म्हणतो तर "नेटवर्क स्लो आहे, दहा गिगचा स्विच घ्यावा लागेल" (स्विच म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जोडतात तो डबा, दहा गिग म्हणजे सेकंदाला दहा गिगाबिट). मग कोटेशन येतं, साहेब आकडा बघून गप्प बसतात आणि विषय तिथेच राहतो. माझं म्हणणं एवढंच की कोटेशन मागवायच्या आधी तासभर मोजमाप करा, कारण बऱ्याच वेळा अडलेलं असतं भलतीकडेच, आणि नेटवर्क खरंच अडलेलं निघालं तरी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्यावरून डेटाच कमी पाठवणं.

आधी हिशोब. नेटवर्कचा स्पीड सांगतात बिटमध्ये आणि फाइलची साइज बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, इथेच अर्धे लोक गोंधळतात. १ गिगाबिटची लाइन म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, त्यातून हेडर वगैरे वजा जाता ११८ च्या आसपास उरतात, आणि प्रत्यक्षात ११० मिळाले तरी झकास. आता समजा तुमचा फाइल सर्व्हर २ टीबीचा आहे. ११० च्या स्पीडने सगळाच्या सगळा कॉपी करायला पाच तास लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास हातात असतील तर सेकंदाला ७० एमबी मिळाले तरी काम होतं, म्हणजे साध्या गिगाबिटवर २ टीबी आरामात बसायला पाहिजे. बसत नसेल तर स्विच बदलून काय होणार? उलट डेटा ६ टीबी असेल तर सेकंदाला २०८ एमबी लागतात, तिथे गिगाबिटवर कितीही डोकं लावा, रोजचा फुल बॅकअप होणारच नाही. तुम्ही यातल्या कुठल्या बाजूला आहात ते पाच मिनिटांत कळतं.

बॅकअपचा डेटा एका रांगेतून जातो. सर्व्हरची डिस्क वाचते, प्रोसेसर तो कॉम्प्रेस (दाबून लहान) आणि एनक्रिप्ट (कुलूपबंद) करतो, लॅन कार्ड, केबल, स्विच, मग पलीकडचा प्रोसेसर आणि शेवटी पलीकडची डिस्क लिहिते. यातला जो सगळ्यात हळू त्याचाच स्पीड तुम्हाला मिळणार, बाकीचे कितीही फास्ट असोत. म्हणून प्रत्येकाला वेगळं मोजायचं. नुसतं नेटवर्क मोजायला आयपर्फ३ वापरा, तो एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा ढकलतो, डिस्कचा संबंधच नाही. तिथे ९४० मेगाबिटच्या आसपास दिसलं की स्विचला शिव्या घालणं बंद करायचं. मग नुसती डिस्क किती वेगाने वाचते ते बघा, एखादी मोठी फाइल डेव्ह-नल मध्ये (लिनक्सची कचरापेटी, जे टाकाल ते गायब) वाचून टाका, पण ती फाइल सर्व्हरच्या रॅमपेक्षा मोठी घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा वाचताना ती रॅममधूनच येते आणि आकडा बघून तुम्ही उगाच खूश होता. अजून एक गंमत, लिनक्सवरच्या टार (फाइली एकत्र बांधणाऱ्या) कमांडला आउटपुट थेट डेव्ह-नल दिलं तर ती हुशारी करते आणि फाइलींमधला डेटा वाचतच नाही, त्यामुळे दोन टीबी चुटकीसरशी "वाचून" झाल्याचं दिसतं. आउटपुट कॅट मधून पाइप करून मग डेव्ह-नलला द्या म्हणजे खरा आकडा येतो. डिस्कच जर सेकंदाला ४० एमबी देत असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार.

प्रोसेसरचं बघताना पण एक फसगत असते. आठ कोअरच्या मशीनवर एकूण वापर १२-१३ टक्के दिसतो आणि आपण म्हणतो अरे हा तर झोपलाय, पण तो १२ टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण भरलेला आणि सात रिकामे असं असू शकतं. लिनक्सवर टॉप ही कमांड उघडून १ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसतो.

आता नेटवर्क खरंच दोषी निघालं तर आधी फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे क्रिम्पिंग करताना एक तार नीट बसली नाही किंवा उंदराने कुरतडली तर लिंक चालूच राहते पण बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते, कुणाला पत्ता लागत नाही कारण मेल आणि ब्राउझिंग मस्त चालतं. आणि १०० मेगाबिटवर तोच २ टीबी म्हणजे पन्नास तास! इथटूल कमांडने लिंक किती स्पीडवर आहे ते लगेच दिसतं, दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक स्विचवर बघा. जुन्या काळच्या सवयीने कुणीतरी स्विचच्या पोर्टवर "१०० फुल डुप्लेक्स" फिक्स करून ठेवलेलं असतं, समोरचा ऑटोवर असतो, त्याला समोरून काहीच सांगितलं जात नाही म्हणून तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच बाजू बोलणार, फुलमध्ये दोन्ही) धरून बसतो, आणि मग लोड आला की स्पीडची पार वाट लागते. दोन्हीकडे ऑटो ठेवा आणि विसरून जा.

जम्बो फ्रेमबद्दल लोक फार विचारतात. साधा पॅकेट १५०० बाइटचा, जम्बो ९००० चा, हेडरचा खर्च कमी होतो म्हणून लाइनचा वापर ९५ टक्क्यांवरून ९९ वर जातो. म्हणजे फायदा चार टक्के आणि प्रोसेसरला थोडा आराम. त्यासाठी त्या नेटवर्कमधलं प्रत्येक कार्ड आणि प्रत्येक स्विच ९००० वर आणावं लागतं, एक जरी राहिला तर पिंग छान चालतो आणि मोठी फाइल पाठवली की लटकते, मग शोधत बसा. दहा गिगवर ठीक आहे, गिगाबिटवर मी तरी याच्या नादी लागणार नाही. दोन केबल एकत्र बांधायचं पण तसंच, एलएसीपी (केबल एकत्र बांधायची पद्धत) लावलं म्हणजे एका बॅकअपचा स्पीड डबल होत नाही, कारण एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं, पाचसहा सर्व्हर एकाच वेळी एका बॅकअप मशीनवर येत असतील तेव्हाच त्याचा उपयोग.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त बॅकअप अडतात ते छोट्या फाइलींमुळे. बँकेत एक लाख रुपये पाचशेच्या नोटांत भरले तर दोन मिनिटांचं काम, तेच एक लाख एकेक रुपयाच्या चिल्लरमध्ये नेले तर कॅशियर उठून जाईल, रक्कम तीच. डिस्कचं पण असंच आहे. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला दीडशे एमबी सहज देते, पण दर वेळी नव्या जागी जायचं म्हटलं की हेड हलवायला आणि चकती फिरून यायला वेळ जातो (नुसत्या अर्ध्या फेरीलाच चार मिलिसेकंद), त्यामुळे सेकंदाला शंभरेक उड्या हीच तिची लायकी. आता २० केबीच्या दहा लाख फाइली घ्या, एकूण माल फक्त २० जीबी. सलग असता तर सव्वादोन मिनिटांत वाचून झाला असता. फाइलमागे एकच उडी धरली तरी दहा लाख भागिले शंभर म्हणजे दहा हजार सेकंद, पावणेतीन तास. आणि खरं तर एका उडीत भागत नाही, फाइलची माहिती वेगळीकडे असते आणि डेटा वेगळीकडे. स्कॅन केलेली बिलं, मेल सर्व्हरचे मेलबॉक्स, वेबसाइटचे थंबनेल, कॅशे फोल्डर, हे सगळे याच जातीचे.

यावर नवीन केबलचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो तो फाइल बाय फाइल न जाता खालचे ब्लॉक सलग वाचण्याचा. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) काढून सेंड करा, त्याला कालच्या आणि आजच्या स्नॅपशॉटमध्ये कुठले ब्लॉक बदलले ते आधीच माहीत असतं, दहा लाख फाइलींचं दार वाजवत फिरावं लागत नाही. व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं मशीन) असेल तर व्हीएमवेअरमध्ये २००९ पासून बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवायची सोय आहे, हायपर-व्ही २०१६ मध्ये पण आली, प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर पण तेच करतो. फक्त प्रॉक्समॉक्समध्ये मशीन बंद करून परत चालू केली की ती नोंद जाते, म्हणून त्या रात्री पूर्ण डिस्क परत वाचली जाते, पाठवला मात्र बदललेलाच भाग जातो. अपडेट टाकलेल्या रात्री बॅकअप का लांबला याचं उत्तर तिथे असतं.

पलीकडची डिस्क पण विसरू नका. रेड ५ वर (RAID, अनेक डिस्क जोडून एक करायची पद्धत; पॅरिटी म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायचा हिशोब) एक छोटा तुकडा लिहायचा म्हणजे जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, एकाचे चार. आणि स्वस्तात मस्त म्हणून घेतलेली डिस्क एसएमआर प्रकारची निघाली तर बघायलाच नको, तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, सुरुवातीचे काही जीबी भराभर घेते आणि मग धापा टाकायला लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नाससाठी (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) विकल्या जाणाऱ्या रेड (Red) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं होतं तेव्हा बराच गदारोळ झाला होता, त्यानंतर त्यांनी साध्या पद्धतीच्या (सीएमआर) डिस्कना रेड प्लस नाव दिलं. डिस्क घेताना मॉडेल नंबर टाकून एसएमआर की सीएमआर एवढं तपासाच.

कॉम्प्रेशनकडे येऊ. जीझिप १९९२ चं आहे, चांगलं आहे, पण ते एकाच कोअरवर चालतं आणि साधारण सेकंदाला तीस ते ऐंशी एमबीच्या आत घुटमळतं, म्हणजे गिगाबिटची लाइन रिकामी आणि प्रोसेसर घामाघूम. तेच पिगझिप (pigz) सगळे कोअर वापरतं आणि फाइल तशीच जीझिपची बनते, स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलायचा. एलझेड४ कॉम्प्रेस कमी करतं पण एका कोअरवर पाचशे एमबीच्या वर पळतं, आणि झेडएसटीडी, जे फेसबुकने २०१६ मध्ये खुलं केलं, ते या दोघांच्या मधलं, मला विचाराल तर आज नव्याने सुरू करणाऱ्याने सरळ हेच घ्यावं. या एलझेड४ आणि झेडएसटीडी दोन्हींचा कर्ता एकच माणूस, यान कोले. आणि फोटो, व्हिडिओ, झिप हे आधीच दाबलेले असतात, त्यांना परत दाबून फक्त वीज जळते.

एनक्रिप्शनचं थोडक्यात. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) बॅकअप जात असेल तर बहुतेक ठिकाणी आपोआप चाचा२० हा सायफर (एनक्रिप्शनची पद्धत) निवडला जातो, तो वाईट नाही, पण दोन्ही प्रोसेसरमध्ये एईएस या दुसऱ्या सायफरची खास सोय असेल (इंटेलमध्ये २०१० पासून यायला लागली) तर एईएस-जीसीएम सांगून बघा, बऱ्याचदा चांगला फरक पडतो. स्वस्त नासच्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसली की तिथेच सगळं अडतं.

आता मुख्य मुद्दा, पाठवायचंच कमी. २ टीबीच्या फाइल सर्व्हरवर रोज खरोखर बदलतं किती? साधारण ऑफिसात फारच थोडं, बाकी सगळं गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीच्या वर्षीचं, आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. तरी आपण रोज पूर्ण २ टीबी उचलून नेतो. इन्क्रिमेंटल म्हणजे फक्त बदललेलं न्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोठी फाइल थोडीशीच बदलली की ती अख्खी जाते, तिथे आरसिंक (फाइली जुळवून कॉपी करणारा प्रोग्राम) कामाला येतं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी हे केलं. युक्ती अशी की पलीकडचं मशीन आपल्याकडच्या जुन्या फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा छोटा चेकसम (त्यातल्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) अलीकडे पाठवतं, अलीकडचं मशीन आपल्या नव्या फाइलवरून एकेक बाइट सरकत ते तुकडे कुठे सापडतात का बघतं, सापडला तर "तुझा अमुक नंबरचा तुकडा घे" एवढंच सांगतं, नाही सापडला तेवढाच डेटा पाठवतं. अलीकडच्या फाइलमध्ये मधेच चार अक्षरं घुसवली तरी पुढचे तुकडे सरकून सापडतातच.

पण यात तीन खड्डे आहेत. पहिला, या सगळ्यासाठी दोन्हीकडे फाइल पूर्ण वाचावी लागते, म्हणून लॅन डिस्कपेक्षा फास्ट असेल तर आरसिंकला "होल फाइल" सांगून सरळ कॉपी केलेली लवकर होते. दुसरा, बरेच जण नासचं फोल्डर सर्व्हरवर माउंट करतात (म्हणजे तिथलंच असल्यासारखं जोडतात) आणि त्यात आरसिंक करतात. आरसिंकला वाटतं दोन्ही बाजू इथल्याच आहेत, म्हणून तो तुकड्यांची भानगड न करता अख्खी फाइल लिहितो, आणि तुम्ही जबरदस्तीने तुकडे करायला लावले तर जुनी फाइल वाचायला ती पूर्ण नेटवर्कवरून ओढून आणतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नासवरच आरसिंक चालू करा आणि त्याच्याशी बोला, जवळपास सगळ्या नासमध्ये ती सोय असते. तिसरा खड्डा सगळ्यात मजेशीर, डेटाबेसचा डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवलेला) जीझिप करून मग आरसिंक करायचा. डंपमध्ये सुरुवातीला एक ओळ बदलली की जीझिपचं पुढचं सगळं आउटपुट बदलतं, एक तुकडा जुळत नाही, आणि रोज १०० टक्के डेटा जातो. त्यासाठी जीझिप, पिगझिप आणि झेडएसटीडी तिघांत "आरसिंकेबल" नावाचा पर्याय आहे, फाइल किंचित मोठी होते पण तुकडे जुळायला लागतात.

बोर्ग आणि रेस्टिक हे बॅकअप प्रोग्राम म्हणजे याच्या पुढची पायरी. ते फाइलचे तुकडे मजकूर बघून पाडतात आणि एकच तुकडा कितीही फाइलींत, कितीही दिवसांत, कितीही वेळा आला तरी एकदाच ठेवतात, यालाच डीडुप म्हणतात. दहा लोकांनी तेच प्रेझेंटेशन आपापल्या फोल्डरमध्ये ठेवलंय? एकदाच जाणार. मात्र डेटा त्यांच्याकडे देण्याआधीच एनक्रिप्ट केलेला असेल तर कुठलाच तुकडा जुळणार नाही, एनक्रिप्शन त्यांनाच करू द्या. चालू डेटाबेसच्या फाइली सरळ कॉपी करू नका एवढं सांगून पुढे जातो, मायएसक्यूएलला एक्स्ट्राबॅकअप आणि पोस्टग्रेसला पीजी-डंपचा डिरेक्टरी फॉरमॅट, दोन्ही एकाच वेळी अनेक धाग्यांत चालतात, आणि पोस्टग्रेसला १७ व्या आवृत्तीपासून (२०२४) इन्क्रिमेंटल पण मिळालंय.

बॅकअप ऑफिसबाहेर पाठवायचा असेल तर गणित बदलतं. ५० मेगाबिट अपलोडवर आठ तासांत जेमतेम १८० जीबी जातात, पहिला २ टीबीचा फुल जायला पावणेचार दिवस लागतील, म्हणून पहिला बॅकअप डिस्कवर घेऊन ती डिस्कच गाडीत टाकून न्यायची आणि पुढे रोजचा फरक लाइनवरून, यात कमीपणा काही नाही. दुसरं म्हणजे अंतर. टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोचवायची पद्धत) थोडा डेटा पाठवून समोरून पोच यायची वाट बघतं, आणि मुंबईहून अमेरिकेला जाऊन परत यायला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. जुन्या सेटिंगमध्ये एका वेळी ६४ केबीच हवेत ठेवता येतात, म्हणजे सेकंदाला पाच फेऱ्या आणि एकूण ३२० केबी, मग तुमची लाइन १०० मेगाबिटची असो की हजारची. १०० मेगाबिट भरायला एका वेळी अडीच एमबी हवेत लागतात. आजचं लिनक्स ते आपोआप वाढवतं, जुन्या डब्यांवर आणि काही फायरवॉलमधून जाताना मात्र तेच अडतं. साधा उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक कनेक्शन, आरक्लोन (क्लाउडवर फाइली पाठवणारा प्रोग्राम) मुळातच चार फाइली एकत्र पाठवतो, तो आकडा वाढवा. किंवा मुळात जवळचं डेटा सेंटर घ्या, ॲमेझॉन २०१६ पासून मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून पुण्यात, उगाच व्हर्जिनियाला कशाला जायचं.

वेळापत्रक पण बघा. सगळ्या सर्व्हरचे बॅकअप बरोबर बाराला लावलेले असतात कारण बारा हा आकडा छान दिसतो, मग सगळे मिळून एकाच डिस्कवर तुटून पडतात. अर्ध्या अर्ध्या तासाने पुढेमागे करा. महिन्यातून एकाच रविवारी बॅकअप रेंगाळत असेल आणि सर्व्हर डेबियनचा असेल तर सॉफ्टवेअर रेडची तपासणी बघा, ती महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री एकच्या सुमारास आपोआप सुरू होते आणि सगळ्या डिस्क खरवडून वाचते.

आणि हे सगळं करताना उलटी दिशा पण मोजा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या वेबसाइटच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसचं फोल्डर उडलं, ३०० जीबीच्या आसपास. रोजचे डंप बघायला गेले तर ते होतच नव्हते, डेटाबेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्राम ९.२ चा, आणि फेल झाल्याचे मेल पण कुणापर्यंत पोचत नव्हते. नशिबाने टेस्टिंगसाठी सहा तास आधी काढलेला एक स्नॅपशॉट होता, पण तो होता टेस्टिंगच्या स्लो डिस्कवर, आणि तिथून परत आणायला अठरा तासांच्या आसपास गेले. ३०० जीबीला अठरा तास, म्हणजे सेकंदाला पाच एमबी पण नाही. डीडुपवाल्या बॅकअपमध्ये तर एका फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात, हार्ड डिस्कवरून ते गोळा करताना लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा एखाद्या शनिवारी दुसऱ्या मशीनवर, चालू सर्व्हरला हात न लावता, शेदोनशे जीबी परत आणून घड्याळ लावा आणि तो आकडा २ टीबीला लावून किती तास होतात ते साहेबांना लेखी द्या. स्विचचं कोटेशन काढायचंच असेल तर ते त्या कागदाला जोडून द्या.